नऊ नंबर निरोगी

"मायक्रॉनराव, ऐकलंत का? नऊ नंबर निरोगी निघाला!" डॉक्टरीणबाई दारातूनच ओरडल्या आणि त्याच्या चिमट्यातली रिबन तुटली. सतरा वर्षांच्या नोकरीत कुणाच्या बोलण्याने त्याची रिबन तुटल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला कातडीचा तुकडा पात्यावरून खाली येणार, केसाहून कितीतरी पातळ चकत्या निघणार, एकीच्या शेपटाला दुसरी चिकटत त्यांची लांब पट्टी होणार, हीच ती रिबन. ती तो चिमट्याने उचलून कोमट पाण्यावर अशी सोडायचा की सुरकुतीची काय बिशाद! लॅबमध्ये त्याला मायक्रॉनराव म्हणत ते काही उगाच नाही. तर ती रिबन आज मधोमध तुटली. अर्धी पाण्यात पडली, अर्धी मनगटाला चिकटून बसली, आणि तो "अरे वा!" म्हणाला. दुसरं काय म्हणणार? "काल संध्याकाळी मोठ्या सरांसमोर पाकीट फोडलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एका दमात सगळं सांगून टाकायची त्यांची पद्धत. "वीस नमुने. पंधरा पेशंटचे, पाच निरोगी माणसांचे. कुठला नंबर कशातला ते कालपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं, नावं तर अजूनही नाहीत. नऊ नंबर मी डोळे झाकून पेशंटमध्ये टाकला होता. पाकिटात बघते तर निरोगी! म्हणजे सहा महिने मी ज्याच्यामागे धावले ते मुळातच... जाऊ दे. तीन वाजता मीटिंग आहे. तुम्ही स्लाइड्स लावायला या." आणि त्या गेल्या. तो मनगटावरचं मेण खरवडत उभा राहिला. नऊ नंबर म्हणजे तो स्वतःच होता.

एवढं मेण निघायला किती वेळ लागतो? पण तो खरवडतच होता, आणि मग एकदम लक्षात आलं की मेण केव्हाच निघालंय, आता आपण नुसतं खाजवतोय. त्याने हात मागे घेतला. खाजवायचं नाही, हा नियम त्याच्या हाडीमासी खिळला होता. जिथे ओरखडा उठेल तिथे नवा डाग उठतो. बाकीच्यांची कातडी ओरखडा विसरते, सोरायसिसवाल्याची कातडी ओरखड्याला निमंत्रण समजते. हे त्याला पुस्तकात वाचायच्या आधीच ठाऊक होतं, आणि पुढे लॅबमध्ये आल्यावर त्यामागची भानगडही कळली होती. शरीराच्या राखणीला ठेवलेल्या पेशी असतात. त्यांचं काम पहारा देण्याचं. जंतू आला, जखम झाली की आरोळी ठोकायची. पण या रोगात जंतू नाही, जखम नाही, आणि तरी या पेशी आरोळ्या ठोकत सुटतात. मग वरची कातडी घाबरून भराभर वाढते, महिन्याचं काम चार दिवसांत उरकते, अर्धवट कच्ची, आणि पांढरे पापुद्रे होऊन गळते. कुंपणानेच शेत खायचं म्हटल्यावर तक्रार कुणाकडे करणार? औषधाने डाग जातो. कातडी अशी कोरी होते की आईसुद्धा ओळखणार नाही. पण राखणदार जात नाहीत. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. ते वरच्या थरात ठाण मांडून बसतात आणि जागा विसरत नाहीत, म्हणून डाग परत येतो तो नेमका त्याच जागी, तेवढाच, शेजारच्या बोटभर कातडीला न शिवता. डॉक्टरीणबाईंचं सगळं काम या एका गोष्टीवर उभं होतं. पंधरा पेशंट, सगळ्यांचे डाग गेलेले. त्या गेलेल्या डागांच्या जागी त्यांनी पेशी शोधल्या आणि त्या सापडल्या. म्हणून त्यांचं म्हणणं, कातडी कोरी दिसते म्हणून डाग घालवणारं इंजेक्शन थांबवू नका, आत मंडळी बसलेली आहेत. पण इंजेक्शन साऱ्या शरीराचाच पहारा ढिला करतं. धडधाकट दिसणाऱ्या माणसाला ते टोचत राहायचं तर कारण पक्कं हवं. आता एक निरोगी माणूस निघाला, उभ्या आयुष्यात एक डाग नाही, आणि त्याच्याही कातडीत तीच मंडळी तशीच ओळीने बसलेली. पाचांतला एक. म्हणजे त्या पेशी असण्याला काही अर्थच नाही. कारण गेलं, आणि तीन वाजता इंजेक्शनंही जाणार.

आणि हा निरोगी माणूस कोण, तर चौदाव्या वर्षापासून पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणारा. विंचवाचं तसं त्याचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, तो स्वतःशी म्हणाला, नको त्या ठिकाणी नको ते दाखवायला तुला सांगितलं होतं कुणी? कुणी सांगितलं नव्हतं. चहाच्या खोलीत विचारलं होतं एवढंच. सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "निरोगी माणसं मिळेनात हो! चारच झालीत. मायक्रॉनराव, तुम्ही तर ठणठणीत आहात, द्या ना वाटाण्याएवढा तुकडा." सगळे हसले. रंगारी, म्हणजे त्याच्या शेजारच्या टेबलावर स्लाइड रंगवणारा त्याचा अकरा वर्षांपासूनचा सोबती, त्याने आदल्याच दिवशी तुकडा दिला होता. तो म्हणाला, "दे रे, मुंगी चावल्यासारखं होतं." आता नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागणार. आणि कारण दिलं की... त्याला बिस्किटांचा कारखाना आठवला. बावीस वर्षांचा होता. पॅकिंगच्या पट्ट्यावर उभा. त्या दिवसांत डाग कोपरांवरही होता आणि उकाड्याने बाह्या नकळत वर गेल्या होत्या. सुपरवायझर मागे येऊन किती वेळ उभा होता कोण जाणे. ओरडला नाही, शिवी दिली नाही. नुसता म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस." आणि मग शेजारच्या बाईला, अगदी हळू, "त्याने भरलेली खोकी बाजूला काढ." तो आवाज इतका मऊ होता की त्याला अजून मऊ बोलणाऱ्या माणसाची धास्ती वाटते.

पण नुसत्या भीतीने त्याने फॉर्म भरला असता तर गोष्ट वेगळी. खरं सांगायचं तर त्याला हाव सुटली होती. चार वर्षं पाठ कोरी होती. मलम नाही, गोळी नाही, काही नाही. आरशाकडे पाठ करून, हातात दुसरा आरसा धरून, रोज आंघोळीनंतर तो बघायचा, आणि रोज काहीच नसायचं. फॉर्मवर प्रश्न होता: त्वचेचा कोणताही जुना आजार? पुढे दोन चौकोन. त्याने पेन उचललं आणि 'नाही'च्या चौकोनात बरोबरची खूण केली. केवढं गोड वाटलं त्याला! उभ्या जन्मात पहिल्यांदा तो निरोगी माणसांच्या रकान्यात बसला होता, आणि कुणी उठवलं नाही. मग ओपीडीतली ज्युनिअर डॉक्टर मुलगी सुई घेऊन आली. सगळ्यांचा तुकडा कमरेच्या जरा वरून घ्यायचा ठरलं होतं. "डावीकडून घेऊ की उजवीकडून?" तिने विचारलं. डावीकडे त्याचा जुना डाग होता. उजवीकडे कधीच काही नव्हतं. उजवीकडे म्हटलं असतं तर आजचा दिवस आलाच नसता. पण तो म्हणाला, "डावीकडून." का म्हणाला? या सहा महिन्यांत हजार वेळा त्याने स्वतःला हे विचारलं होतं. त्याला बघायचं होतं. बाहेरून आरसा सांगतो ते आतूनही खरं आहे का ते त्याला बघायचं होतं, आणि आत बघायचं यंत्र तर त्याच्याच टेबलावर होतं. तिने बाटलीवर चिकटवलेला नऊ त्याने पाहिला होता, आणि मग आपलाच ठोकळा आपणच कापला त्याने. हात कापला नाही. रंगाऱ्याने रंगवून स्लाइड परत ठेवली तेव्हा सगळे जेवायला गेले होते. त्याने डोळा लावला. वरच्या थरात, खालच्या कडेला धरून, रंग चढलेले राखणदार, तपकिरी ठिपके. एक, दोन, पाच, अकरा. नीट ओळीने, शाळेच्या बाकांवर बसल्यासारखे. त्याने स्लाइड काढली, पुसली, पुन्हा लावली. ठिपके कुठे जातात! त्या दिवशी तो जेवला नाही. आणि तेव्हापासून त्याने स्वतःची समजूत घातली होती की वीसांत एक गडबड खपून जाईल, डॉक्टरीणबाई म्हणतील रंग नीट चढला नसेल. झाकली मूठ झाकलेलीच राहील.

साडेअकराला तो उठला. सांगून टाकायचं. पायऱ्या चढून दुसऱ्या मजल्यावर गेला तर डॉक्टरीणबाईंच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं, त्या फोनवर बोलत होत्या, आणि बाहेरच्या बाकावर एक उंच बाई हातातल्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत बसली होती. तो तिला ओळखत होता. म्हणजे आधी तिची कातडी ओळखत होता. आठ नंबरची स्लाइड हिचीच असणार, हे त्याने ओपीडीतल्या गप्पांवरून ताडलं होतं. पोहायला शिकवणारी बाई. "तुम्ही आतलेच ना?" तिने विचारलं. "बंद करणार म्हणे आमचं इंजेक्शन? सिस्टर काहीतरी म्हणत होत्या." त्याने नुसती मान हलवली, हो पण नाही आणि नाही पण नाही. "तसं असेल तर आधी सांगा बाबा," ती म्हणाली. "तलावावर सगळ्यांना कळेल अशा वेळी नको. मागच्या वेळी मी पाण्यात उतरले की आया पोरांना बाहेर काढायच्या. एकदा तर अख्खा तलाव रिकामा झाला. एकटी मी, आणि पाणी. पोहून घेतलं मग भरपूर, काय करणार?" ती हसली. तोही हसला. फोन संपला तशा डॉक्टरीणबाई दारात आल्या, "काय हो मायक्रॉनराव?" आणि तो म्हणाला, "काही नाही, प्रोजेक्टरची वायर कुठली आणू विचारायला आलो होतो." "निळी," त्या म्हणाल्या. निळी. वायर एकच होती आणि ती निळीच होती, हे त्याला सतरा वर्षं माहीत होतं. जिना उतरताना त्याने स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की मधल्या पायरीवर थांबून त्याला श्वास घ्यावा लागला.

आई म्हणायची, कुणाला दाखवू नकोस. चौदा वर्षांचा होता तो, पट्टा घासतो तिथे बंद्या रुपयाएवढं काहीतरी उठलं आणि महिन्याभरात तळहाताएवढं झालं. आई दार लावून घ्यायची, तेल गरम करायची, पालथा झोपवायची आणि चोळायची. चोळताना तिचे हात थरथरायचे. तिला किळस वाटते असं त्याला वाटायचं, म्हणून तो उशीत तोंड खुपसून पडून राहायचा. पुष्कळ वर्षांनी, ती जाताना, त्याला कळलं की ती रडायची. तोवर उशीर झाला होता, तिचं वाक्य रक्तात उतरलं होतं. कुणाला दाखवू नकोस, कुणाला सांगू नकोस, बाह्या खाली ठेव, सगळ्यांच्या नंतर आंघोळीला जा. एकट्या बायकोला सांगितलं. लग्न ठरताना, दोघांनाच बोलायला सोडलं तेव्हा, अडखळत अडखळत म्हणाला, "माझ्या पाठीला जरा एक..." आणि ती म्हणाली, "माझ्याही पाठीला आई लागलेली असते सारखी, त्याचं काय एवढं?" तो इतका हसला की बाकीचं सांगायचं राहून गेलं, आणि नंतर तिने स्वतःच पाहिलं, आणि काही बोलली नाही. पंधरा वर्षांच्या लेकीला मात्र त्याने कधी कळू दिलं नव्हतं. तिच्या आठवणीत बाबा उघड्या अंगाने घरात वावरलेच नव्हते, उन्हाळ्यातसुद्धा. ती चिडवायची, "बाबा बनियनसकट जन्मले."

जेवणाच्या सुट्टीत रंगारी डबा उघडता उघडता म्हणाला, "पाचांतला एक. म्हणजे मी, वॉचमन, दोन सिस्टर आणि तू. यातलाच कुणीतरी नऊ नंबर." त्याने उचललेला घास परत डब्यात ठेवला. "वॉचमन असणार," रंगारी बिनघोर जेवत होता, "तो काहीही खातो. पण काय रे, आपल्यातल्या एकाच्या अंगात ती फौज बसलीये आणि त्याला पत्ताच नाही, गंमत आहे ना? मी असलो तर? आजपासून कढत पाण्याने आंघोळ!" तो म्हणाला, "ते लागत नाही कुणाचं कुणाला." फार पटकन म्हणाला, फार जोरात. रंगाऱ्याने वर पाहिलं. "मी कुठे म्हटलं लागतं?" रंगारी पुढचा घास घेऊ लागला. आता सांगावं, त्याला वाटलं, आधी याला सांगावं, मग वर जाऊन सांगणं सोपं जाईल. तोंड उघडलं आणि "लोणचं दे," असं बाहेर पडलं. सव्वादोन वाजले होते. त्याच्या पाठीवर, डावीकडे, काहीतरी चुरचुरायला लागलं. खरंच चुरचुरत होतं की मनातच, हे कळायला मार्ग नव्हता. त्याने हात पाठीकडे नेला नाही. दोन्ही हात टेबलावर, उपडे, नजरेसमोर ठेवून तो घड्याळाकडे बघत बसला, आणि ते काटे काही केल्या थांबेनात.

मीटिंगच्या खोलीत सहा माणसं होती. मोठे सर टेबलाच्या टोकाला, डॉक्टरीणबाई भिंतीवरच्या चित्राजवळ, रंगारी, रेकॉर्डचे कारकून आणि औषधविभागातले दोघं. त्याने एकामागून एक स्लाइड्स लावल्या. निरोगी माणसांच्या चार. एखादा ठिपका इथे, एखादा तिथे, वाटेने जाणारा. मग नऊ नंबर. भिंतीवर त्याची पाठ दीड हात उंचीची झाली. तपकिरी ठिपके आता बोरांएवढे दिसत होते. "बघा," मोठे सर म्हणाले. मोठे सर मऊ बोलायचे. "हा माणूस निरोगी आहे. हे यात दिसतंय, आणि तरी त्याला काही झालेलं नाही. मग या पेशी दिसतात म्हणून पंधरा माणसांचा पहारा आपण वर्षानुवर्षं ढिला ठेवायचा का? उद्या एखाद्याला न्यूमोनिया झाला तर काय सांगणार?" डॉक्टरीणबाई भांडतील असं त्याला वाटलं होतं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, त्याला गप्प राहता आलं असतं. पण त्या म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे सर. मला पटत नाहीये, पण डोळ्यांना दिसतंय ते नाकारू कशी? इंजेक्शनांचा दुसरा टप्पा थांबवते मी. पेशंटना आजच कळवते." त्यांचा आवाज नेहमीचाच होता, फक्त पेनाचं टोपण त्यांना पेनावर बसवता येत नव्हतं. एकदा, दोनदा, तीनदा. तो त्या टोपणाकडे बघत होता. आणि तो म्हणाला, "नऊ नंबर निरोगी नाही."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. स्लाइड लावणारा माणूस मीटिंगमध्ये बोलतो हेच मुळात नवीन. "तुम्हाला काय माहीत?" मोठ्या सरांनी विचारलं. "माझी पाठ आहे ती," तो म्हणाला. एकदा तोंड उघडल्यावर मात्र थांबता येईना. "चौदाव्या वर्षापासून आहे. तळहाताएवढा होता. मधे कोपरांवरही होता. चार वर्षांपूर्वी गेला. तुकडा घेतला तो बरोबर त्याच जागेवरून. फॉर्मवर मी नाही लिहिलं. खोटं लिहिलं." प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता. रेकॉर्डचे कारकून आपलं मनगट खाजवायला लागले, त्यांच्या लक्षातही आलं नसेल, आणि मग औषधविभागातल्या एकाने मान खाजवली. त्याने ते पाहिलं. आयुष्यभर जे टाळत आला ते हेच होतं, आणि ते एवढंच होतं. डॉक्टरीणबाई उठून जवळ आल्या. "सहा महिने!" त्या म्हणाल्या. "सहा महिने तुम्ही माझ्यासमोर बसून हे कापत होतात? मी वेड्यासारखी रात्रंदिवस... आणि तुम्ही रोज मला नमस्कार करत होतात?" त्याने मान खाली घातली. मग त्या थांबल्या. भिंतीकडे वळल्या. पुन्हा त्याच्याकडे. "किती वर्षं म्हणालात?" "चार." "औषध?" "काही नाही." "काहीच नाही? आणि तरी हे एवढे बसलेत?" त्यांच्या आवाजातला राग तसाच होता, पण त्याच्याखालून दुसरंच काहीतरी वर येत होतं. "सर, माझे पेशंट जास्तीत जास्त आठ महिने कोरे आहेत. हे चार वर्षं! यांना हलवा निरोगी रकान्यातून. आणि आज काहीही थांबवायचं नाही." मोठे सर उठून भिंतीजवळ गेले आणि ठिपके जवळून पाहिले. शेवटी म्हणाले, "पाचवा निरोगी माणूस नवा शोधा. मग बसू पुन्हा. तोवर इंजेक्शनं चालू राहू देत." आणि त्याला, त्याच मऊ आवाजात, "तुम्ही उद्यापासून या कामावर नको. खोटं लिहिलंत त्याबद्दल मला वर कळवावं लागेल. बाकीचं काम करा." उद्यापासून येऊ नका, असं ऐकायची त्याने इतकी तयारी ठेवली होती की बाकीचं काम करा हे त्याला आधी कळलंच नाही.

खाली रंगारी त्याच्याआधी पोचला होता. ब्रश धूत होता, उगाचच, धुतलेलेच. "अकरा वर्षं," तो पाठमोराच म्हणाला. "माझ्या मुळव्याधीपासून मेव्हण्याच्या दारूपर्यंत सगळं तुला ठाऊक आहे. आणि तू मला एवढं सांगितलं नाहीस? मी काय तुझं टेबल जाळलं असतं?" त्याने सॉरी म्हटलं. "सॉरी घाल चुलीत," रंगारी म्हणाला, आणि ब्रश धूतच राहिला. घरी जाताना बसमध्ये उभा असताना त्याला दोन गोष्टी एकदम वाटत होत्या. पाण्यात उतरणारी ती बाई आठवून हलकं वाटत होतं. आणि आपण निरोगी नाही आहोत, कधीच नव्हतो, हे आता भिंतीवर दीड हात उंच करून सगळ्यांनी पाहिलंय, म्हणून कुणीतरी गेल्यासारखं वाटत होतं. तो चार वर्षांचा कोरा माणूस गेला होता. त्याच्यावर त्याचा फार जीव होता.

घरी दिवे लागले होते. बायकोने दार उघडलं, त्याचं तोंड पाहिलं आणि आधी बसा म्हणाली. त्याने उभ्या उभ्याच सांगितलं, फॉर्मपासून टोपणापर्यंत सगळं. सगळ्यांसमोर सांगितलं हे ऐकून तिने डोळे मोठे केले. "सगळ्यांसमोर? तुम्ही?" "हो." "नोकरी?" "आहे. बहुतेक." ती खुर्चीवर बसली, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून. तिला वाईट वाटलं असेल, त्याने धरलं. मग ती उठली, आतल्या खोलीच्या दाराशी गेली आणि म्हणाली, "बाहेर ये. बाबांना दाखव." "आई, नको ना," आतून लेकीचा आवाज आला. "ये. आता चालेल."

लेक बाहेर आली. तिने उजवी बाही वर केली, कोपराच्या पार वर. लाल, गोल, कडेने पांढरे पापुद्रे. मग मान वळवून कानामागचे केस बाजूला केले. तिथेही. त्याला ते ओळखायला डोळा लावायची गरज नव्हती. "कधीपासून?" त्याने विचारलं. "मागच्या वर्षीपासून," ती म्हणाली. "आईला माहितेय. मीच म्हटलं, बाबांना सांगू नकोस." "का?" ती आईकडे बघायला लागली. "मागे मला नुसतं घामोळं आलं होतं तर तुम्ही भिंग घेऊन बसला होतात," ती म्हणाली. "तीन दिवस जेवला नव्हतात. मग हे बघून तुम्ही काय केलं असतं? आईने सांगितलं मला तुमचं. म्हणाली, बाबांना ते फार लागतं, कुणाला बोलायचं नाही." आई, घर, दार लावलेली खोली, गरम तेल, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि या वेळी दार लावून घेणारा तो होता. त्याला हुंदका फुटला. लेक घाबरली, "बाबा, दुखत नाही हो, खाजतं फक्त," म्हणाली. त्याने शर्टाची बटणं काढली. बनियन वर केली आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. "डावीकडे," तो म्हणाला. "कमरेच्या वर. हात लाव."

तिने आधी एक बोट लावलं, मग तळहात. "इथे तर काहीच नाहीये बाबा. एक बारीकशी टाक्याची खूण दिसतेय."

"आहे," तो म्हणाला. "मी पाहिलंय. ओळीने बसलेत. चार वर्षं झाली, गप्प बसलेत."

तिने हात काढला नाही. "माझे पण बसतील गप्प?"

हो म्हणायला त्याचं काय जात होतं? "माहीत नाही," तो म्हणाला. "उद्या माझ्याबरोबर चल. दोन केसपेपर काढू. एक तुझा, एक माझा."